मॅक दहाचा, लाइन एकची: इथरनेटमधल्या वेगाच्या सांध्यावर फ्लो कंट्रोल कसे बसवावे

दहा गिगाबिटच्या स्विच पोर्टमध्ये तांब्याच्या केबलचे एसएफपी-प्लस मॉड्यूल बसवले आणि केबलच्या पलीकडचे यंत्र एक गिगाबिटचेच असले, तरी लिंक उभी राहते. दिवे लागतात, पिंग बिनतक्रार जातो. त्या यंत्राकडून स्विचकडे येणारा डेटा ९४१ एमबीपीएसने (मेगाबिट प्रतिसेकंद) वाहतो. पण स्विचकडून यंत्राकडे काही पाठवायला घेतले की टीसीपीचा वेग कोसळतो, आणि स्विचवरच्या एकाही काउंटरमध्ये ड्रॉप (गळलेला डेटा) दिसत नाही. केबल बदला, मॉड्यूल बदला, काही फरक पडत नाही.

पाणी मुरते ते मॉड्यूलच्या पोटात. आत बसलेल्या फाय चिपची, म्हणजे केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपची, एक बाजू स्विचच्या मॅकशी (डेटाच्या फ्रेम, म्हणजे तुकडे, बनवणाऱ्या आणि घेणाऱ्या भागाशी) दहा गिगाबिटने बोलते आणि दुसरी बाजू केबलवर एक गिगाबिटने. मॅककडून दसपट वेगाने येणारा डेटा ती छोट्याशा बफरमध्ये घेते आणि बफर भरत आला की मॅकला पॉज फ्रेम (‘थोडे थांब’ असा निरोप) पाठवते. स्विचच्या त्या पोर्टवर ‘पॉज स्वीकारणे’ बंद असेल तर मॅक ती फ्रेम ऐकून न ऐकल्यासारखी करतो. बफर ओसंडतो, फ्रेम गळतात, आणि ही गळती मोजणारे तिथे कोणीच नसते. समोरच्याला असे थांबवण्याला फ्लो कंट्रोल म्हणतात. ‘फ्लो कंट्रोल सरसकट बंद ठेवा’ हा सल्ला अनेक ठिकाणी डोळे मिटून पाळला जातो. स्विच ते स्विच या टप्प्यावर तो बऱ्याचदा योग्यही असतो. मॅक आणि फाय यांच्या सांध्यावर मात्र तो घातक आहे. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्याआधी आपण नेमक्या कोणत्या सांध्याबद्दल बोलतोय हे ठरवा.

सांधे कुठे कुठे असतात

एका इथरनेट पोर्टच्या मागे वेग बदलण्याच्या चार जागा असतात. मॅक आणि फाय ही पहिली. मॅक आणि यंत्राची मेमरी ही दुसरी; मधे पीसीआय एक्स्प्रेस किंवा यूएसबी असते. स्विचच्या आत एका पोर्टातून आत येऊन दुसऱ्यातून बाहेर पडणे ही तिसरी. चौथी जागा केबलच्या दोन टोकांची. तिथे दोघांचा वेग नावाला एकच असतो, पण घड्याळे वेगळी असतात.

चौथीबद्दल काही करावे लागत नाही, तरी ती समजून घेतली की पुढचे सोपे जाते. इथरनेटच्या घड्याळाला साधारणपणे ±१०० पीपीएमची (दशलक्षात शंभर भागांची) मुभा आहे. एक टोक +१०० वर आणि दुसरे −१०० वर असेल तर १५१८ बाइटच्या, म्हणजे १२,१४४ बिटांच्या एका फ्रेममध्ये जेमतेम अडीच बिटांचा फरक पडतो. ९०१८ बाइटच्या जंबो फ्रेममध्ये तो साडेचौदा बिटांच्या आसपास जातो. दोन फ्रेमांमध्ये सरासरी ९६ बिटांची मोकळी जागा ठेवलेली असते. फायमधला इलॅस्टिक बफर तिथले काही आयडल (रिकामी जागा भरणारी चिन्हे) काढून किंवा घालून हिशेब जुळवतो. इतका किरकोळ फरक मोकळ्या जागेतच जिरतो, त्यासाठी समोरच्याला थांबवावे लागत नाही. वेगात दसपट फरक आला की ही युक्ती पुरत नाही.

मॅक आणि फाय: वेग जुळवण्याच्या पद्धती

जुन्या समांतर इंटरफेसमध्ये घड्याळच बदलते. आरजीएमआयआयमध्ये एक गिगाबिटला १२५ मेगाहर्ट्झ, १०० मेगाबिटला २५ आणि १० मेगाबिटला २.५ मेगाहर्ट्झ. मॅक आपोआप लाइनच्या वेगाने चालतो, त्यामुळे काही तुंबण्याचा प्रश्नच येत नाही.

एसजीएमआयआयमध्ये तारेवरचा वेग १.२५ गिगाबॉडवर कायम असतो. १०० मेगाबिटसाठी प्रत्येक बाइट दहा वेळा आणि १० मेगाबिटसाठी शंभर वेळा पाठवला जातो. यूएसएक्सजीएमआयआय दहा गिगाबिटच्या तारेवर हीच पुनरावृत्तीची कल्पना राबवतो. इथेही फ्लो कंट्रोलची गरज पडत नाही.

तिसऱ्या पद्धतीत लाइनचा वेग बदलला की फाय मॅककडची भाषाच बदलतो: दहाला १०जीबेस-आर, अडीचला २५००बेस-एक्स, एक आणि त्याखाली एसजीएमआयआय. मॅकच्या सर्डेसला (डेटा एका तारेवरून ओळीने पाठवणाऱ्या भागाला) तितक्याच तत्परतेने मोड बदलता आला पाहिजे. नाही आला तर केबलकडची लिंक उभी आणि आतली पडलेली, अशी चमत्कारिक अवस्था होते.

चौथी पद्धत म्हणजे रेट मॅचिंग. मॅककडची बाजू एकाच वेगावर खिळवून ठेवायची आणि फरक फायने सांभाळायचा. याचे तीन उपप्रकार आहेत. पॉज फ्रेमवाला सर्वांत जास्त भेटतो. दुसऱ्यात फाय कॅरियर सेन्सची (‘तार व्यग्र आहे’ अशी) खूण वर धरून मॅकला थोपवतो; टेलिफोनच्या तारांवरून जाणाऱ्या १०पास-टीएस आणि २बेस-टीएलसाठी प्रमाणकात हीच योजना आहे. तिसरा ओपन लूप. यात फाय काहीच सांगत नाही, मॅकच ठरलेल्या प्रमाणात फ्रेमांमधली मोकळी जागा वाढवतो. दहा गिगाबिटच्या वॅन फायमध्ये असे होते, कारण सोनेट (टेलिफोन कंपन्यांच्या फायबर जाळ्याचे प्रमाणक) चौकटीत कोडिंगसकट डेटाला ९.५८ गिगाबिटच मिळतात. मॅक दर १०४ बिटांमागे एक बाइट जादा मोकळा सोडतो आणि गणित जुळते.

निवड हातात असेल तर पहिल्या तीन पद्धतींना पसंती द्यावी, कारण तिथे ओसंडायला काही नसतेच. पॉजवाले रेट मॅचिंग वाईट नाही, पण ते नीट चालायला मॅक, फाय आणि ड्रायव्हर या तिघांचे एकमत लागते. बिघाड नेमका तिथेच होतो.

पॉज फ्रेम जवळून

१९९७ च्या ८०२.३एक्स या प्रमाणकाने पॉज फ्रेम आणली. ती ६४ बाइटची असते. पहिले ६ बाइट गंतव्य पत्ता, कायम ०१-८०-सी२-००-००-०१; पुढचे ६ प्रेषकाचा पत्ता; २ बाइट प्रकार, षोडशमान ८८०८; २ बाइट ऑपकोड, ०००१; २ बाइट थांबण्याचा काळ; ४२ बाइट शून्ये; शेवटी ४ बाइट तपासणी बेरीज. हा गंतव्य पत्ता राखीव आहे, कोणताही स्विच तो पुढे पाठवत नाही. म्हणून पॉज फक्त एका टप्प्यापुरती असते, तारेच्या दुसऱ्या टोकाशी तिचे काम संपते.

काळ मोजायचे एकक क्वांटम. एक क्वांटम म्हणजे ५१२ बिटांना लागणारा वेळ. एक गिगाबिटवर तो ५१२ नॅनोसेकंद, दहा गिगाबिटवर ५१.२ नॅनोसेकंद. जास्तीत जास्त ६५,५३५ क्वांटा मागता येतात, म्हणजे १०० मेगाबिटवर ३३५.५ मिलिसेकंद, एक गिगाबिटवर ३३.५ आणि दहावर ३.३५ मिलिसेकंद. नवी फ्रेम आली की जुना काळ पुसून नवा लागू होतो. शून्य काळाची फ्रेम म्हणजे ‘लगेच सुरू कर’. हाती घेतलेली फ्रेम मॅक अर्धवट टाकत नाही, ती पूर्ण करूनच थांबतो. हे सगळे फुल डुप्लेक्समध्येच (दोन्ही दिशांनी एकाच वेळी पाठवताना) चालते.

क्वांटम हे बिटांत मोजलेले एकक आहे, सेकंदांत नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. खालच्या दोन दोषांचे मूळ यातच आहे.

पायरी १: पद्धत ओळखा

लिनक्सवर इंटरफेस वर येताना कर्नल लॉगमध्ये ‘कॉन्फिगरिंग फॉर’ पासून सुरू होणारी आणि ‘लिंक मोड’ने संपणारी ओळ उमटते. फायलिंक (कर्नलमधला मॅक-फाय जोडणी सांभाळणारा भाग) वापरणाऱ्या ड्रायव्हरमध्ये ती हमखास मिळते. मधल्या भागात १०जीबेस-आर, यूएसएक्सजीएमआयआय किंवा २५००बेस-एक्स असे आतल्या बाजूचे नाव असते. मग ईथटूल या आदेशाने लाइनचा वेग बघा. आतली बाजू १०जीबेस-आर आणि वेग १००० दिसत असेल तर रेट मॅचिंग चालू आहे. आतली बाजू यूएसएक्सजीएमआयआय असेल तर बहुधा पुनरावृत्ती आहे. खात्री मात्र फायच्या डेटाशीटवरूनच करा, कारण काही फाय दोन्ही प्रकारे बसवता येतात आणि कोणता प्रकार लागू होईल हे फर्मवेअर ठरवते.

स्विचमध्ये बसवलेल्या मॉड्यूलच्या बाबतीत काम सोपे आहे आणि अवघडही. स्विच पोर्टचा वेग दहा गिगाबिट दाखवतो, पलीकडचे यंत्र एक दाखवते, म्हणजे मधे रेट मॅचिंग आहेच. अवघड भाग असा की स्विचला याचा पत्ताच नसतो. त्याचा एक उपद्रव पॉजशी संबंधित नाही, तरी सांगायला हवा. स्पॅनिंग ट्री (जाळ्यातले फेरे टाळून वाट निवडणारा प्रोटोकॉल) त्या पोर्टची किंमत २०,००० ऐवजी २,००० धरते. लिंक अ‍ॅग्रिगेशनमध्ये अनेक पोर्ट एका गटात बांधतात; तिथे तो पोर्ट खऱ्या दहा गिगाबिटच्या पोर्टांच्या बरोबरीने वाटा उचलायला जातो आणि तोंडावर आपटतो. असा पोर्ट गटात घेऊ नका, आणि त्याची किंमत हाताने लिहा.

पायरी २: बफरचा हिशेब करा

पॉज पाठवली त्या क्षणी समोरचा थांबत नाही. ‘थांब’ म्हटल्यापासून खरोखर थांबेपर्यंत जे येऊन पडते, तेवढी जागा बफरमध्ये आधीच राखून ठेवावी लागते. तिला हेडरूम म्हणतात. सर्वांत वाईट परिस्थिती धरून हिशेब मांडू. वेग दहा गिगाबिट, मोठी फ्रेम १५१८ बाइट. प्रिअँबल (फ्रेमआधीचे इशाऱ्याचे बाइट) आणि मोकळी जागा धरून १५३८.

पॉज पाठवायची वेळ आली तेव्हा आपली स्वतःची एक मोठी फ्रेम नुकतीच त्याच दिशेने निघालेली असू शकते, ती संपेपर्यंत समोरून १५३८ बाइट येतात. पॉज फ्रेमला स्वतःला ८४ बाइटइतका वेळ लागतो. ती मिळाल्यावर प्रतिसाद द्यायला प्रमाणकाने दहा गिगाबिटवर ६० क्वांटांची मुभा दिली आहे, म्हणजे ३,८४० बाइट. आणि मुदत संपायच्या आत समोरच्याने आणखी एक मोठी फ्रेम सुरू केलेली असू शकते, आणखी १५३८. बेरीज बरोबर ७,००० बाइट. मॅक आणि फाय शेजारी असल्याने केबलचा विलंब धरलेला नाही.

जंबो फ्रेम चालू केल्या की १५३८ च्या जागी ९,०३८ येतात आणि बेरीज २२,००० बाइटवर जाते. साध्या फ्रेमला उत्तम चालणारा सांधा जंबो चालू करताच गळायला लागतो तो यामुळे. या काळात लाइनकडून दहावा हिस्सा निचरा होतो, पण तो हिशेबात धरू नका. राखीव जागा चढीच बरी.

दोन स्विचमध्ये १०० मीटर फायबर असेल तर जाऊन-येऊन सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे आणखी १,२५० बाइट. साध्या फ्रेमला एकूण ८,२५०, जंबोला २३,२५०. दहा किलोमीटरच्या फायबरवर एकट्या अंतरापोटी १,२५,००० बाइट लागतात. लांबच्या लिंकवर पॉजच्या भरवशावर राहू नये ते म्हणूनच.

आता थांबण्याचा काळ. एक गिगाबिटच्या लाइनवर १५३८ बाइट जायला १२.३ मायक्रोसेकंद लागतात, मॅक तेच १.२३ मायक्रोसेकंदात देऊन मोकळा होतो. दर फ्रेममागे ११.०७ मायक्रोसेकंद थांबायचे, म्हणजे ५१.२ नॅनोसेकंदांचे सुमारे २१६ क्वांटा. बहुतेक फाय असा फ्रेमागणिक हिशेब न करता दोन खुणा ठेवतात. बफर वरच्या खुणेला लागला की मोठ्या काळाची पॉज, खालच्या खुणेपर्यंत उतरला की शून्याची. वरची खूण बफरच्या एकूण जागेतून हेडरूम वजा करून येते. खालची खूण इतकी ठेवा की मॅक पुन्हा सुरू होऊन पहिली फ्रेम पोहोचेपर्यंत लाइन उपाशी राहणार नाही. एक पूर्ण मोठी फ्रेम शिल्लक ठेवली की सहसा भागते.

उलट दिशेला, म्हणजे लाइनकडून मॅककडे, पॉज लागत नाही. पण वेगवान बाजूला फ्रेम सलग द्यावी लागते, मधे खंड चालत नाही. म्हणून फायला फ्रेमचा किमान नऊ दशांश भाग साठल्याशिवाय पुढे पाठवता येत नाही. १५१८ बाइटच्या फ्रेमला यामुळे सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा विलंब वाढतो. वेळ जुळवणीच्या प्रोटोकॉलवर काम करत असाल तर हा विलंब फ्रेमच्या लांबीनुसार बदलतो, हे ध्यानात असू द्या.

पायरी ३: सेटिंग लावा

मॅकच्या बाजूला पॉज स्वीकारणे चालू हवे. पाठवणे बंद असले तरी चालते. ईथटूलच्या ‘पॉज’ पर्यायात ऑटोनेग ऑफ, आरएक्स (स्वीकारणे) ऑन आणि टीएक्स (पाठवणे) ऑफ असे द्या. मग ‘शो-पॉज’ने ते खरोखर लागले का ते बघा, कारण काही ड्रायव्हर तक्रार न करता मागणी सोडून देतात. स्विचवर त्या पोर्टच्या फ्लो कंट्रोल सेटिंगमध्ये ‘रिसीव्ह’ चालू करा, ‘सेंड’ बंदच राहू द्या.

ऑटोनेग मुद्दाम बंद करायला सांगितले त्याचे कारण आहे. ऑटोनिगोशिएशनमध्ये पॉज आणि असममित पॉज असे दोन बिट असतात आणि ते केबलच्या दोन टोकांमधला करार ठरवतात. दोघांचा पॉज बिट १ असेल तर दोन्ही दिशांनी पॉज चालते. एकाचे दोन्ही बिट १ आणि दुसऱ्याचा फक्त असममित बिट १ असेल तर दुसरा पाठवतो, पहिला ऐकतो. बाकी जुळण्यांमध्ये पॉज बंद. पण मॅक आणि फाय यांच्यातली पॉज या कराराचा भागच नाही. केबलपलीकडच्या यंत्राने पॉज नाकारली म्हणून आतल्या सांध्यावरची पॉज बंद पडायला नको. लिनक्सच्या फायलिंकमध्ये फाय पॉजने रेट मॅचिंग करतोय असे कळल्यावर मॅकला आतल्या बाजूचा कमाल वेग, फुल डुप्लेक्स आणि पॉज स्वीकारणे चालू, असे थेट सांगितले जाते, करार काहीही असो. स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हीच वागणूक ठेवावी. त्यासाठी पाठवणे बंद ठेवून फक्त स्वीकारता येईल असा मॅक लागतो, चिप निवडतानाच हे तपासा.

पायरी ४: चाचणी घ्या

आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने आधी टीसीपी, दोन्ही दिशांनी. दुसऱ्या दिशेसाठी ‘रिव्हर्स’ पर्याय. १५०० च्या एमटीयूवर (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) एक गिगाबिटच्या लाइनकडून ९४१ एमबीपीएस अपेक्षित आहेत (टाइमस्टॅम्प धरून १५३८ पैकी १४४८ बाइट कामाचे). एका दिशेला ९४१ आणि दुसऱ्या दिशेला त्याच्या निम्मेही नाहीत, ही फसलेल्या रेट मॅचिंगची ठळक खूण.

मग यूडीपी (पोचपावती न मागणारा प्रोटोकॉल). वेगवान बाजूने २ गिगाबिटची मागणी करून पाठवा. सांधा नीट असेल तर मॅक थोपवला जातो, त्यामागे रांग भरते, आणि पाठवणारा प्रोग्रॅम स्वतःच ९५७ च्या आसपास अडतो. घेणाऱ्याकडे गळती जवळजवळ शून्य. सांधा फुटका असेल तर पाठवणारा ऐटीत दोन गिगाबिट गेल्याचे सांगतो आणि घेणाऱ्याला निम्म्याहून कमी मिळते. पाठवणाऱ्या इंटरफेसचा ‘पाठवलेल्या फ्रेम’ काउंटर आणि घेणाऱ्याचा ‘मिळालेल्या फ्रेम’ काउंटर चाचणीआधी आणि नंतर टिपून घ्या. ही वजाबाकी हाच खरा पुरावा, कारण गळती जिथे होते तिथे सहसा काउंटर नसतो.

पॉजचे काउंटर ‘शो-पॉज’ला ‘इन्क्लूड-स्टॅटिस्टिक्स’ जोडून मिळतात. लाइन भरलेली असताना मिळालेल्या पॉज फ्रेमचा आकडा सतत वाढायला हवा. तो शून्यावर अडलेला असेल तर फाय पॉज पाठवतच नाही किंवा मॅक ती मोजतच नाही. तो वाढतोय म्हणजे फ्रेम पोहोचली एवढेच. ती पाळली गेली का, हे वजाबाकीच सांगते. टीसीपीडंपमध्ये (पॅकेट टिपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पॉज शोधत बसू नका. मॅक ती हार्डवेअरमध्येच संपवतो, ती सहसा वर येत नाही.

काय बिघडते आणि का

लाइनचा वेग ९४१ च्या ऐवजी खूप खाली, पण गळती शून्य. इथे क्वांटाचा घोळ शोधा. ड्रायव्हरने मॅकला आतल्या बाजूचा वेग सांगण्याऐवजी लाइनचा वेग सांगितला, की काही मॅक क्वांटम ५१.२ ऐवजी ५१२ नॅनोसेकंदांचा धरतात आणि दहापट जास्त थांबतात. फाय शून्याची पॉज वेळेवर पाठवत असेल तर दोष झाकला जातो, नसेल तर उघडा पडतो.

याच्या उलट दोष जास्त फसवा आहे. केबलपलीकडच्या यंत्राने पॉज पाठवली आणि फायने ती जशीच्या तशी मॅककडे ढकलली. पलीकडच्याने एक गिगाबिटच्या क्वांटांनी ३३.५ मिलिसेकंद मागितले होते. मॅक दहा गिगाबिटच्या क्वांटांनी मोजतो आणि ३.३५ मिलिसेकंदांत पुन्हा सुरू होतो. त्यात भर म्हणजे मॅकला टाइमर एकच असतो. फायने मधेच स्वतःची शून्याची पॉज पाठवली तर पलीकडच्याची विनंती पुसली जाते. बाहेरून आलेली पॉज फाय स्वतः पाळतो, वर पाठवतो की टाकून देतो, हे डेटाशीटमध्ये शोधाच. उत्तर मिळाले नाही तर पलीकडच्या यंत्राबरोबर पॉजचा करारच करू नका. ऑटोनिगोशिएशनमध्ये दोन्ही बिट शून्य जाहीर करा. आतल्या पॉजला धक्का लागत नाही.

मेमरीकडचा सांधा

इथे अडचण घेण्याच्या दिशेला येते. दहा गिगाबिटचे कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या एका लेनवर बसवले तर ५ गिगाट्रान्सफर आणि ८बी/१०बी कोडिंगमुळे कच्चे चारच गिगाबिट मिळतात. पीसीआय एक्स्प्रेसचे स्वतःचे क्रेडिटवर चालणारे फ्लो कंट्रोल असते. क्रेडिट संपले की डीएमए (कार्डचे थेट मेमरीत लिहिणे) थांबतो, कार्डचा फिफो (आतला बफर) भरतो, आणि पॉज पाठवणे चालू असेल तर कार्ड तारेवर पॉज सोडते. रास्पबेरी पाय ३ बी-प्लसचा गिगाबिट पोर्ट यूएसबी २.० वरून जातो आणि निर्मात्यांनी त्याची मर्यादा ३०० एमबीपीएस सांगितली आहे. तारेवर एक गिगाबिट आणि मागे त्याच्या एक तृतीयांशाहून कमी, हा नमुनेदार सांधा आहे.

आधी ईथटूलच्या ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये मिस्ड किंवा नो-बफर अशा नावाचे काउंटर बघा. ते थांबून थांबून, झटक्याझटक्याने वाढत असतील तर रिंग (मेमरीतली फ्रेमांची रांग) मोठी करा: ‘शो-रिंग’ने कमाल मर्यादा बघा, ‘सेट-रिंग’ने वाढवा. ते एकसारखे वाढत असतील तर रिंग कितीही मोठी केली तरी उपयोग नाही, मागची वाटच अरुंद आहे. कार्ड योग्य लेनवर हलवा.

स्विच ते स्विच

इथे हात आखडता घ्या. एका मंद यंत्राने पॉज सोडली की स्विचचा तो पोर्ट तुंबतो. स्विचही पॉज पाठवणारा असेल तर तो वरच्या स्विचला थांबवतो, आणि त्या वाटेने दुसऱ्याच यंत्राकडे निघालेला निर्दोष डेटाही अडकतो. अडकलेले एखादे यंत्र अखंड पॉज सोडत राहिले तर अख्खा भाग ठप्प होऊ शकतो. म्हणून स्विचवर पाठवणे बंद आणि स्वीकारणे फक्त गरजेच्या पोर्टवर. गळती अजिबात न चालणारा साठवणुकीचा ट्रॅफिक असेल तर ८०२.१क्यूबीबीची प्राधान्यनिहाय पॉज वापरा. ऑपकोड ०१०१, आठ वर्गांना आठ वेगळे टाइमर. गळती नको असलेला वर्ग शक्यतो एकच ठेवा आणि त्याचे हेडरूम वरच्या हिशेबाने पोर्टागणिक काढा.

मॅक पॉज पाळतच नसेल तर

मग वेग सॉफ्टवेअरने बांधायचा. लिनक्सवर टीसी आदेशाने त्या इंटरफेसच्या मुळाशी टीबीएफ (वेग बांधून ठेवणारी रांग) बसवा. कर्नल मोजतो त्या लांबीत तपासणी बेरजेचे ४, प्रिअँबलचे ८ आणि मोकळ्या जागेचे १२ बाइट नसतात. म्हणून त्याच आदेशात स्टॅबमध्ये (लांबी दुरुस्त करणाऱ्या पर्यायात) ओव्हरहेड २४ आणि एमपीयू (किमान लांबी) ८४ द्या. हे वगळले तर मोठ्या फ्रेमला दोनेक टक्क्यांचीच चूक होते, पण छोट्या फ्रेमला ६० बाइट मोजले जातात आणि लाइनवर ८४ जातात. नेमक्या छोट्या फ्रेमांच्या गर्दीत बफर पुन्हा ओसंडतो.

रेट ९८० मेगाबिट, बर्स्ट १६ किलोबाइट यापासून सुरुवात करा. बर्स्ट दहा गिगाबिटने एका दमात बाहेर पडतो आणि त्यातला नऊ दशांश भाग फायमध्ये साठतो, म्हणजे इथे साडेचौदा किलोबाइट. फायच्या बफरपेक्षा हा आकडा लहानच हवा. टीएसओ (मोठा तुकडा फ्रेमांत तोडायचे काम कार्डवर सोपवणे) बंद करा, नाहीतर कार्ड मोठा तुकडा एकदम सोडते आणि बांधलेल्या वेगाला अर्थ राहत नाही. नंतर पायरी ४ मधली यूडीपी चाचणी पुन्हा घ्या, एकदा मोठ्या आणि एकदा ६४ बाइटच्या फ्रेमनी. वजाबाकी शून्य आली तर रेट पाच-पाच मेगाबिटने वर न्या. फरक दिसू लागला की एक टप्पा खाली या आणि तिथेच ठेवा.